गुळाची खळ

बिब्ब्याचा पहिला डाग मुलीच्या पोटावर बसला, तोवर मी तोंड उघडलं नव्हतं.

मुलगी नऊ दिवसांची होती. माझ्या नणंदेची पहिली. नणंद बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्या घरी आलेली होती. सकाळपासून मुलगी रडत होती आणि छातीला तोंड लावत नव्हती. अंगावर लाल गांधी उठल्या होत्या, डावा डोळा सुजून बंद झाला होता. सुईणीचं म्हणणं पडलं की पोटात वारं भरलं आणि तेच अंगावर फुटून निघालं. बेंबीभोवती बिब्ब्याचे सात डाग दिले की उतरेल. तिनं बिब्बा दाभणाला टोचून शेगडीतल्या निखाऱ्यावर धरला. त्याचं काळं तेल चुरचुरत बाहेर आलं. सासूनं मुलीचे पाय धरले, मी हात धरले. सुईणीनं दाभणाचं टोक बेंबीच्या उजव्या बाजूला टेकवलं. डाग बसला आणि मुलीचा आवाजच बंद झाला. तोंड उघडं, अंग ताठ, आवाज नाही. मग एकदम आला.

खोलीत आम्ही चौघी बायका होतो. बाजेवर नणंद, खाली सासू, सुईण आणि मी. मुलीला काय झालंय हे चौघींत एकटीला माहीत होतं, ती मी. सकाळी मी माझ्या हातानं तिच्या अंगावरून मुंग्या वेचल्या होत्या. त्या का आल्या, तेही मला माहीत होतं.

सुईणीनं दुसऱ्या डागासाठी बिब्बा पुन्हा निखाऱ्यावर धरला.

आता हे इथवर कसं आलं ते सांगते.

आमचं घर घोंगड्या विणणाऱ्यांचं. माहेरही तेच, सासरही तेच. गाव जालन्याच्या मुलखातलं, धावड्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. बायकांनी लोकर पिंजायची, कातायची आणि पुरुषानं मागावर बसायचं, अशी रीत. माग म्हणजे जमिनीत खड्डा करून बसवलेला, पाय खड्ड्यात सोडून विणायचं. माझ्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्यानं मला त्या खड्ड्यात उतरवलं होतं. जालन्याला मामाकडं राहून मी चौथीपर्यंत शाळाही केली होती. या दोन गोष्टींचा मला लग्न झालं तेव्हा गर्व होता. सासरी आल्यावर "आमच्याकडं असं करतात, आमच्याकडं तसं करतात" हे मी दिवसातून चार वेळा ऐकवायची. सासू एकदा म्हणालीही होती, "तुमच्याकडं मेंढ्या आपल्या आपण घोंगड्या विणत असतील."

लहान बाळाचं घोंगडं बाजारच्या घोंगड्यासारखं नसतं. त्याची लोकर जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची. ती अंगाला टोचत नाही. पण आखूड असते, त्यामुळं सूत कच्चं पडतं. हे घोंगडं विकायचं नसतं. घरात, भावकीत मूल झालं की द्यायचं. त्याला आमच्यात दोन नियम होते. मुलाचा रडण्याचा आवाज ऐकल्याशिवाय मागावर ताणा लावायचा नाही. सूत आधी कातून ठेवलं तर चालतं, पण उभे धागे ताणले की येणाऱ्याची वाट अडते, असं म्हणत. दुसरा नियम, घोंगडं मामाच्या हातचं पाहिजे आणि ते बाराव्या दिवशी, बारशाला, पाळण्यात पडलं पाहिजे. म्हणजे मूल जन्मल्यापासून हातात दिवस अकरा. रोजच्या विणणाऱ्याला ते पुष्कळ होतात. दोन दिवस ताणा आणि खळ, दोन-तीन दिवस विणकाम, मग नदीवर नेऊन धुवायचं आणि वाळवायचं.

खळ म्हणजे धाग्याला चोपडायची पेज. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, टरफल काढून शिजवून घोटायचे. उभ्या धाग्यांना ही खळ कुंच्यानं लावून उन्हात वाळवली की धागा ताठ होतो आणि विणताना तुटत नाही. बाजारच्या घोंगड्यात खळ तशीच ठेवतात. घोंगडं कडक लागतं, गिऱ्हाइकाला वाटतं माल भक्कम आहे. बाळाच्या घोंगड्यातली मात्र धुऊन काढायचीच.

ते लढाईचे दिवस होते. जालन्याला एका ठेकेदारानं फौजेसाठी घोंगड्या विणायची शेड टाकली होती. गावोगावचे विणकर तिथं जाऊन बसले होते, माझा नवराही गेला होता. जाताना घरातलं चिंचोक्याचं पोतं घेऊन गेला, कारण खळ ज्याची त्यानं आणायची होती. नणंद बाळंत झाली त्याच दिवशी गावातल्या एका माणसाबरोबर त्याला निरोप पाठवला. चौथ्या दिवशी त्याच माणसाच्या हाती चिठ्ठी आली. नवऱ्याला लिहिता येत नव्हतं, कोणाकडून तरी लिहून घेतली होती. घरात वाचणारी मी एकटी. मी वाचून दाखवली. रजा मिळत नाही, घोंगड्याचं आईनं बघावं, एवढंच होतं.

"आईनं बघावं म्हणं," सासू म्हणाली. "आई काय ह्या वयात खड्ड्यात उतरती? उतरली तर वर कोण काढायचं?"

मी चिठ्ठीची घडी घातली.

"तू बस मागावर."

"आत्याबाई, मामाच्या हातचं लागतं ना?"

"मामा जालन्याला. मामी हितं. मामाचंच खाती ना तू? मंग बस. दिवस चार गेले, ऱ्हायले किती ते मोज, शाळा शिकलीस ना?"

नणंद बाजेवरून म्हणाली, "वैनी, बराबर विणा हां. वाकडं विणलं तर पोरगी वाकडी निघंल."

"आधीच बापावर गेलीय," सासू म्हणाली, "आता आणखी काय वाकडी व्हायची ऱ्हायली?"

दोघी हसल्या. मीही हसले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. तीन वर्षं ज्या मागाला मी फक्त झाडू मारला होता, त्यावर आता बसायला मिळणार होतं.

त्याच दुपारी सूत मोजून ताणा लावला. खळ करायला गेले तर चिंचोके नाहीत. पोतं जालन्याला गेलंय हे मला माहीत होतं, पण मडक्यात थोडे असतील असं मी धरून चालले होते. मडक्यात टरफलं होती. पौषाचा महिना, नवी चिंच यायला अजून तीन महिने. गावात विणणारी आणखी दोन घरं होती, त्यांचेही पुरुष आणि चिंचोके जालन्यालाच. सासूला विचारलं असतं तर तिनं कोणाला तरी दुसऱ्या गावी पाठवलं असतं. दोन दिवस गेले असते, काम तरीही झालं असतं. मी विचारलं नाही. खळीवाचून अडले हे मला सासूपुढं म्हणायचं नव्हतं.

ज्वारीच्या पिठाची पेज केली. पिठाचीही खळ होते, पण जाड लोकरीला. जावळाच्या सुतावर ती वाळून पापुद्रे पडायला लागले आणि धागा हात लावला की तुटायला लागला. पौषातलं कोरडं वारं, त्यानं आणखीच. तेव्हा मला बापाची एक गोष्ट आठवली. हवा फार कोरडी असली की तो खळीत बोटभर गुळाचं पाणी टाकायचा. गुळानं धाग्यात ओल राहते, धागा कडकून तुटत नाही. एवढंच, बोटभर.

घरात गूळ होता, पण बाळंतिणीचा. घनसावंगीकडं ऊस होतो. नणंदेच्या सासरच्यांनी तिकडून खास आणून दिलेला. त्या दिवसांत बाजारात गूळ मिळतच नव्हता म्हटलं तरी चालेल. सासू रोज सकाळी त्यातला गूळ फोडून डिंक आणि खोबरं घालून नणंदेला द्यायची. घरात दुसरं कोणी त्याला हात लावत नव्हतं, सासूसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सासू विहिरीवर गेली तेव्हा मी गुळाच्या गाडग्यातून मुठीएवढं ढेकूळ काढलं, पाण्यात विरघळवलं आणि सगळं पेजेत ओतलं. बोटभर घातलं तर पुरेल की नाही याची मला खात्री नव्हती आणि पुन्हा चोरी करायची नव्हती, म्हणून सगळं एकदम घातलं.

सूत छान बसलं. वाळल्यावर ताठ झालं, चमकायला लागलं. मी विणायला बसले. धागा जवळजवळ तुटलाच नाही. सासू येऊन कड चाचपून गेली.

"सूत बरं बसलंय. चिंचोके कुठनं आणले?"

"शेजारणीकडनं."

"तिच्याकडं होते? मला तर न्हाई म्हणली."

"थोडेच होते."

सासूनं पुढं विचारलं नाही. गाडग्यातला गूळ कमी झालाय हे मात्र तिच्या त्याच दिवशी लक्षात आलं असावं, कारण संध्याकाळी गाडगं चुलीजवळून उठून तिच्या अंथरुणाशी गेलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी घोंगडं मागावरून उतरवलं. हातभर रुंद आणि दोन हात लांब, काळं, कडेला पांढऱ्या लोकरीची एक रेघ. चांगलं झालं होतं. आजही म्हणेन चांगलं झालं होतं. सकाळी नदीवर नेऊन रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, दोन दिवस वाळवायचं, मग अकराव्याला तयार, असा माझा हिशेब होता.

त्या संध्याकाळी थंडी फार पडली. डोंगराकडून वारं सुटलं. मुलगी लहान चणीची, जन्मल्यापासून हातपाय गार पडायचे तिचे. सासूनं घोंगडं माझ्या हातातून घेतलं.

"आत्याबाई, धुवायचं ऱ्हायलंय अजून."

"आत्ता धुतलं तर वाळंल कधी? पोरगी हितं गारठून राह्यली."

"पण खळ हाय ना त्यात."

"चिंचोक्यानं काय होतंय? एक रात कडक लागंल. उद्या धू."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. चिंचोके नाहीत, गूळ आहे, एवढे चार शब्द. पण गूळ म्हटलं की कुठला गूळ हे आलंच. मी म्हटलं, एका रात्रीनं काय होतंय. सासूनं मुलीला घोंगड्यात गुंडाळली. मुलगी ऊब लागून गप झोपली. नणंद म्हणाली, "वैनी, बिलकुल गुणाचं विणलंय, बघा कशी निजली." मी आत जाऊन भाकरी थापायला बसले.

थंडीत मुंग्या नसतात, असं माझ्या डोक्यात होतं. बाहेर नव्हत्याच. पण बाळंतिणीच्या खोलीत शेगडी कधी विझत नाही. ती खोली उबदार, कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या. आणि मुलगी रात्रभरात दोन-तीन वेळा घोंगड्यातच ओली झाली असणार. वाळलेला गूळ ओला झाला.

सकाळी सासू नणंदेला न्हाऊ घालायला परसात घेऊन गेली. मला म्हणाली, पोरीकडं बघ. मी चुलीवरचं उतरवून जाते तोवर मुलगी किंचाळली. जाऊन बघितलं तर भिंतीपासून बाजेच्या पायावरून वर अशी तांबड्या मुंग्यांची रांग. घोंगडं उकललं. मानेच्या घडीत, कानामागं, काखेत, पापणीवर. चिमटीत धरून एकेक काढावी लागत होती, कारण त्या चावून धरतात. किती होत्या ते मोजलं नाही. सगळ्या काढल्या, बाजेचा पाय ओल्या फडक्यानं पुसला, भिंतीवरची रांग राखेनं दाबली. मुलीला नणंदेच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं. घोंगडं मागच्या कुंपणावर झटकलं आणि तिथंच उन्हात टाकलं. हे सगळं मी फार जल्दी केलं. घाबरलं की माणूस कामाला वेगानं लागतं.

सासू आणि नणंद आल्या तेव्हा खोलीत मुंगी नव्हती.

"काय झालं गं?"

"उठली आन् रडायला लागली," मी म्हटलं. "घोंगडं ओलं केलं म्हणून वाळत टाकलं."

नणंदेनं पदराखाली घेतलं. मुलगी छातीला तोंड लावायची, सोडायची, मान झाडायची आणि किंचाळायची. घटकाभरात गांधी उठल्या. मग डोळा सुजला. सासूनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मग सुईणीला बोलावणं गेलं. मी पाणी तापव, शेगडी फुंक, असं करत राहिले. मला वाटत होतं की मुंग्या काढल्यात, आता तासाभरात गप होईल. दुपार झाली तरी मुलगी गप झाली नाही. उलट तिचा आवाज बसायला लागला. सकाळपासून पोटात दुधाचा थेंब नाही. सुईणीनं पोट ठोकून बघितलं. रडून रडून ते फुगलेलंच होतं.

"वारं भरलं," ती म्हणाली. "बिब्बा काढा."

पहिला डाग बसला. दुसरा डाग द्यायला तिनं दाभण उचललं, तेव्हा मी मुलीचे हात सोडले आणि तिच्या पोटावर माझा हात आडवा ठेवला.

"वारं न्हाई," मी म्हटलं. "मुंग्या चावल्यात."

"कुठाय मुंगी?" सुईण म्हणाली. "सरक."

"मी वेचल्या सकाळी. घोंगड्याला आल्त्या. खळीत मी गूळ घातला होता."

सासू म्हणाली, "कसला गूळ?"

"गाडग्यातला. चिंचोके नव्हते."

सासूनं मुलीचे पाय सोडले आणि बसल्या जागेवरून माझ्या तोंडात मारली. "चोरून गूळ गिळला, आन् आता घोंगड्यावर ढकलती! पोरगी मरून राह्यली आन् हिला गोष्टी सुचतेत."

"गूळ खाल्ला न्हाई मी."

"न्हाई कसा? मुठीएवढा गेला. माझ्या ध्यानात आल्तं तवाच. म्हणलं जाऊ दे, पोटुशी असंल, खावंसं वाटलं असंल."

नणंद बाजेवर उठून बसली होती. ती म्हणाली, "वैनी, गूळ खाल्ला तर खाल्ला. पण पोरीवर कशाला घालता?"

म्हणजे मी खरं सांगितलं आणि ते कोणाला पटलं नाही. सुईणीनं तर मान हलवून बिब्बा पुन्हा निखाऱ्यावर धरला. सात डाग म्हणजे सात, अर्ध्यावर सोडलं तर वारं डोक्यात चढतं, असं ती म्हणत होती. तिचा काही दोष नव्हता, तिला तेच शिकवलं होतं.

मी उठले, मागच्या कुंपणावरून घोंगडं ओढून आणलं आणि सासूपुढं टाकलं.

"चाटून बघा."

"काय?"

"चाटून बघा म्हणते. चिंचोक्याची खळ तुरट लागती. बघा काय लागतंय."

सासू माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं घोंगड्याचा कोरडा काठ उचलला, तोंडात धरला आणि चोखला. बाजूला थुंकली. पुन्हा चोखला. जन्म मागाशेजारी गेलेला होता तिचा, खळीची चव तिला बराबर माहीत होती. तिचं तोंड उतरलं.

"गोड हाय," ती सुईणीला म्हणाली.

सुईणीनं दाभण खाली ठेवलं. तिनंही दुसरा काठ घेऊन जीभ लावली. त्या घोंगड्याच्या घडीत चिरडलेल्या दोन-तीन मुंग्या होत्या, त्या तिनं नखानं काढून तळहातावर घेतल्या. मग तिनं एकच विचारलं आणि ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"कानात बघितलंस का?"

मी नाही म्हटलं. कानामागं बघितलं होतं. कानात नाही.

सुईणीनं गोडंतेल शेगडीवर कोमट करायला लावलं. मुलीला कुशीवर धरलं आणि कापसाच्या बोळ्यानं डाव्या कानात चार थेंब सोडले. थोडं थांबून कान खाली केला. तेलाबरोबर एक मुंगी बाहेर आली, ती हलत होती. मागून दुसरी आली, मेलेली. उजव्या कानातून काही निघालं नाही.

मुलगी लगेच गप झाली असं नाही. हुंदके देत राहिली. पण मान झाडायची थांबली. नणंदेनं पदराखाली घेतलं तेव्हा दोनदा सोडून तिसऱ्यांदा तिनं धरलं आणि ओढायला लागली. खोलीत दुसरा आवाज नव्हता. नणंद रडत होती, पण हलत नव्हती, मुलीचं तोंड सुटेल म्हणून.

सुईण बिब्बा गाठीत बांधून उठली. दारात मला म्हणाली, "आणखी सहा डाग खाल्ले असते पोरीनं. सांगायला एवढी अडचण होती तर तो एक डाग तू घ्यायचा होतास."

तिच्यामागं मी दार लावून घेतलं.

पोरगी त्या दिवशी वाचली असं कोणी समजू नये. रात्री ताप भरला. डागाचा फोड आला, तिसऱ्या दिवशी फुटला, त्यात पू झाला. नऊ दिवसांच्या जिवाला तेवढंही पुष्कळ असतं. पाच दिवस कोणी सांगू शकत नव्हतं की राहते की जाते. सुजलेल्या डोळ्यात नणंद आपलं दूध पिळायची. जखमेला लोण्यात हळद लावायचे. बाराव्या दिवशी बारसं झालं नाही. पाळणा बांधलेला होता तो सासूनं सोडून ठेवला.

मला सासूनं मुलीला हात लावू दिला नाही. घोंगडं धुऊन आण म्हणाली. मी नदीवर गेले. पौषातलं पाणी, गुडघाभर. रिठे घालून पायानं तुडवलं, आपटलं, पिळलं. ओलंच घेऊन आले.

"चाट," सासू म्हणाली.

मी चाटलं.

"काय लागतंय?"

"काही न्हाई."

तिनं स्वतः चाटून बघितलं. "लागतंय. परत जा."

दुसऱ्या दिवशी परत गेले. त्या दिवशीही तेच. तिसऱ्या धुण्याला तिनं काठ तोंडात धरला, मधला भाग धरला, चारी कोपरे धरले, आणि म्हणाली, "नुसती लोकर लागून राह्यली. टाक वाळत." वाळायला चार दिवस लागले. तीन धुण्यांत घोंगडं वीतभर आटलं होतं.

त्या आठवड्यात नवरा दोन दिवसांच्या रजेवर आला. मी सांगायच्या आधी सासूनं त्याला दारातच सगळं सांगितलं. मला वाटलं मारेल. त्यानं पाय धुतले, मुलीला बघून आला आणि मग मला विचारलं, "किती घातला होता?"

"मूठभर."

"तुझा बाप किती घालायचा?"

"बोटभर."

"मंग?"

"तुम्ही चिंचोके नेले नसते तर बोटभरही लागला नसता."

"आता माझ्यावर आलं काय?" तो म्हणाला. मग म्हणाला, "जावळाच्या सुताला ज्वारी चालत न्हाई. जवस उकळून घालायचा. घरात पोतंभर जवस होता."

घरात पोतंभर जवस होता हे खरं होतं. मला माहीत नव्हतं की त्याची खळ होते. विचारलं असतं तर सासूनं सांगितलं असतं.

डागापासून सहाव्या दिवशी ताप उतरला. पू थांबला, खपली धरली. डोळा उघडला आणि आत बुबुळ चांगलं होतं. तरी सासूनं आणखी थोडे दिवस जाऊ दिले. बारसं एकविसाव्या दिवशी केलं. गावातल्या बायका आल्या. गोष्ट सगळ्यांना माहीत होतीच, सुईणीच्या पोटात काही राहत नसे. घोंगडं पाळण्यात घालायची वेळ आली तेव्हा सुईण पुढं झाली, त्याचा कोपरा उचलून जिभेला लावला आणि म्हणाली, "आज कायच चव न्हाई बाई. मामीनं गूळ घालायचा विसरला दिसतंय." बायका पोट धरून हसल्या. सासूही हसली. नणंद हसली नाही. तिनं सुईणीच्या हातातून घोंगडं घेतलं, झटकलं, उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि पाळण्यात अंथरलं. माझ्याशी ती सासरी जाईपर्यंत कामापुरतं बोलली. मी तिला दोष देत नाही.

पुढं त्या गावात बाळाचं घोंगडं दिलं की घेणारी बाई आधी कोपरा चाटून बघायची. बाहेरून आलेल्या सुनांना वाटायचं काहीतरी जुनी रीत आहे. मीही कोणाला खुलासा केला नाही.

नणंदेला त्यानंतर तीन मुलं झाली. तिन्ही वेळेला घोंगड्याला मीच बसले, कारण माझ्या नवऱ्याची छाती लोकरीच्या धुळीनं गेली होती आणि त्याला मागावर बसवत नव्हतं. त्या तिघांतला एक आठ दिवसांचा होऊन गेला, एक देवी येऊन दीड वर्षाचा असताना. तिसरा मुलगा जन्मून दोन दिवसांनी, बाळंतपणातच, आईबरोबर गेला, त्याचं घोंगडं ताण्यावरच राहिलं. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी सासू गेली. सुईण तिच्या आधी गेली होती. नवरा नंतर पुष्कळ वर्षांनी गेला.

बिब्ब्याचा डाग बसला ती मुलगी जगली. ती आता जालन्याला मुलाजवळ राहते, मुलगा एमआयडीसीत कामाला आहे. डाव्या कानानं तिला जरा कमी ऐकू येतं. त्या दिवशी त्या खोलीत होतो त्यांच्यापैकी ती आणि मी, अशा दोघी आहोत.